दानेश्वरीचं बंदर

आमच्या सोलापुरात पाणी म्हणाल तर सिद्धेश्वराचं तळं आणि कंबर तलाव. बाकी नळाला येतं तेवढंच, आणि तेही आलं तर आलं. अशा गावात बसून माझी सून समुद्रावरच्या बंदराची राखण करते, असं मी गल्लीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारची रुक्साना तर म्हणाली, काशम्मा अक्का, मग जहाज कुटं बांधलंय, परसात? मी म्हटलं, बांधलंय की, तुझ्या बकरीशेजारी. त्यावर सगळ्या आणखीच हसल्या आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं तसं लवकरच फिरतं, गल्लीला ते माहीत आहे.

पण त्यांचं तरी काय चुकलं? मलाच सुरुवातीला कुठं काय कळत होतं.

बाळीवेशीत आमचं घर. मी शेंगाचटणी करून विकते. शेंगा फोडायच्या, दाणे भाजायचे, उखळात कुटायचे, तेल सुटेपर्यंत कुटायचे. मिक्सरमधल्या चटणीला मी चटणी म्हणत नाही, पूड म्हणते. एकुलता एक मुलगा मल्लेश, त्याचं मार्केट यार्डात शेंगदाण्याचं दुकान. ते दुकान त्याच्या वडिलांनी घातलेलं, ते गेल्यावर ह्याने वाढवलं. आता ते दुकान सोडून मल्लेश सोलापूरच्या बाहेर राहायला जाईल, हे होणे नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

दानेश्वरी अक्कलकोटची. मठाच्या रस्त्याला तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं, दुकानदार कानडीत सांगतो आणि भांडण दोन्हीत होतं. ही त्या दुकानातच वाढली, त्यामुळे दोन्ही भाषा तिला सारख्याच. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा मी नेहमीचं सगळं विचारून घेतलं, स्वयंपाक येतो का, पूजा-अर्चा करतेस का. मग मी म्हटलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार बाई. तिने मान वर केली आणि विचारलं, "तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का?" मल्लेश माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मला मात्र पोरगी तिथंच आवडली. नाही ते विचारत बसली नाही, कामाचं विचारलं.

विजेचं इंजिनिअरिंग तिने इथंच सोलापुरात केलं आणि पुण्यात नोकरीला लागली. लग्नानंतरही नोकरी पुण्यात, नवरा सोलापुरात. शुक्रवारी रात्री यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायची. दोन दिवस घरात हसणं-बोलणं, मग मल्लेश आणि मी ताटावर समोरासमोर बसून जेवायचो, दोघंही गप्प. लग्न केलं का पाहुणा बोलावला, असं मी एकदा मल्लेशला म्हणाले, तर तो ताटावरून उठून गेला. मग मी पुन्हा नाही बोलले.

शेवटी कंपनीने तिला सोलापुरातून काम करायला परवानगी दिली, पण तात्पुरती. दिवाळीपर्यंत बघू, म्हणाले. जमलं तर तिथून कर, नाहीतर पुण्यात ये. ती आली तेव्हा तिची ती मोठी जांभळी बॅग घेऊन आली आणि ती बॅग तिने माळ्यावर टाकली नाही. खोलीच्या दाराआड उभी करून ठेवली, निम्मे कपडे आत तसेच. मी विचारलं तर म्हणाली, अत्ती, दिवाळीनंतर पुन्हा लागली तर? आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. येता-जाता माझ्या पायाचा अंगठा त्या बॅगेला ठेचायचा आणि दर वेळेला मी त्या कंपनीला दोन शब्द ऐकवायची. नोकरी तिने सोडावी असंही मला वाटत नव्हतं. एवढं शिकलेली पोरगी चूल फुंकत बसली असती तर मीच तिला बोलले असते. पण ती सोमवारची गाडी मला नको होती. मला ती घरात हवी होती, सरळ सांगते.

तिच्या कामाचं तिने मला एकदा नीट समजावलं, मी भाकरी थापत होते तेव्हा. खाली कर्नाटकच्या किनाऱ्यावर एक बंदर आहे. पूर्वी जहाज बंदराला लागलं तरी इंजिन चालू ठेवायचं, त्यावर दिवे लावायचं आणि धूर ओकत उभं राहायचं. आता काठावरून जाडजूड केबल देतात, जहाज इंजिन बंद करतं आणि बंदराची वीज घेतं. मालाचे खोलीएवढे लोखंडी डबे उचलणाऱ्या क्रेन विजेवर, औषधांचे आणि मासळीचे थंड डबे विजेवर. ही वीज कुठं सोडायची, कुठं तोडायची हे सगळं कॉम्प्युटरवरून चालतं. आणि कॉम्प्युटर म्हटला की लांबून आत शिरणारे चोर आलेच. मी म्हटलं, वीज चोरून नेतात काय? ती म्हणाली, "नेत काही नाहीत अत्ती. नुसतं बंद करतात. क्रेनला डबा लटकलेला असताना सगळं बंद पडलं, तर खाली माणसं असतात." माझा हात काठवटीत तसाच थांबला.

तर तिचं काम म्हणजे त्या बंदराच्या विजेच्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवायची. कोण आला, कुठल्या दाराने आला, कशाला हात लावला, कधी गेला. म्हणजे मी ओट्यावर बसून गल्लीवर ठेवते तशीच की. फरक एवढाच, की मी कुणी परका दिसला की जागेवरून ओरडते आणि हिला आधी पुण्याला कळवावं लागतं.

पुण्यात तिचा साहेब अमरेश. पोरगा वाईट नाही, बोलायला गोड, पण वरच्यांना भिऊन असायचा. बंदराच्या लोकांशी बोलायचं ते त्यानेच, हिने परस्पर फोन करायचा नाही, असा नियम. एकच माणूस होता ज्याच्याशी हिची थेट ओळख झालेली, तो गुरुबसप्पा. बंदराच्या वीज खोलीतला सगळ्यात जुना माणूस. काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या ओळखी करून दिल्या, त्यात हिने त्याला कानडीत नमस्कार केला आणि म्हातारा विरघळलाच. इतकी वर्षं सगळे त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे. त्याने आपला स्वतःचा नंबर दिला, म्हणाला, तंगी, काही लागलं तर घरचा समजून फोन कर. तंगी म्हणजे धाकटी बहीण. हिने नंबर घेतला, पण नियम म्हणजे नियम, फोन कधी केला नाही.

घरात आम्हाला दिसायचं ते इतकंच. जिन्याखालच्या खोलीत पोरगी बसलीय, समोर दोन स्क्रीन, बाजूला ताकाचा तांब्या. संध्याकाळी मी विचारायची, काय झालं आज? ती म्हणायची, काही नाही झालं. आणि हे ती इतक्या समाधानाने सांगायची की मला हसू यायचं. काही झालं नाही म्हणून खूश होणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

आणि तेच तिच्या मुळावर आलं. नवरात्राच्या आधी अमरेशने तिला सांगितलं, की वरचे विचारताहेत, त्या बंदरावर काहीच घडत नाही तर सोलापुरात वेगळं माणूस कशाला? पुण्याच्या खोलीत बसून एकजण चार ठिकाणं बघेल. आता घ्या. चोर येऊ दिला नाही हा हिचा गुन्हा. मी म्हटलं, त्याला फोन लाव, मी बोलते. दानेश्वरीने फोन पदराआड लपवला. त्या रात्री तिने बॅगेत आणखी दोन साड्या ठेवल्या, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. उखळ, मुसळ, विळी, कैची, दाणे भाजायची कढई, मल्लेशचा तराजू, त्याची गाडी. सगळं धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून मांडायचं. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्या कशालाच हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांना विसावा. विळीलाही विसावा, म्हणून त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं काही शिजत नाही. होळग्या, म्हणजे तुमच्या पुरणपोळ्या, मी पूजेच्या आधीच करून ठेवते.

त्या दिवशी दानेश्वरीची ड्युटी होती. पुण्यातले निम्मे लोक सणाला गावी गेलेले आणि हिची दिवाळीची टांगती तलवार, नाही कशी म्हणणार? मी सकाळीच सांगितलं, लॅपटॉप पाटावर आण. ती म्हणाली, अत्ती, तो चालू ठेवायचा आहे. मी म्हटलं, जे तुला पोसतं त्याचीच पूजा नाही, मग माझ्या विळीची तरी कशाला करायची? असं आमचं चांगलं तासभर चाललं. मल्लेश गाडीला हार घालायच्या निमित्ताने बाहेर सटकला तो आलाच नाही. शेवटी तोडगा निघाला. लॅपटॉप जागेवर राहील, पूजाच तिथं जाईल. मी ताट घेऊन जिन्याखाली गेले, लॅपटॉपच्या झाकणाला हळदीकुंकू लावलं आणि वर झेंडूचं एक टपोरं फूल खोचलं. ते फूल पुढं झुकून नेमकं कॅमेऱ्यावर आलं. थोड्या वेळाने अमरेशचा फोन आला तर त्याला नुसतंच केशरी दिसायला लागलं, म्हणाला, दानेश्वरी, तुझा कॅमेरा बिघडलाय का? ती हसून फूल बाजूला करायला लागली, मी दारातूनच डोळे वटारले. मग तिने फूल ठेवलं आणि त्याला केशरीच बघायला लावलं.

दुपारी मी तिचं ताट घेऊन गेले, होळगी, कटाची आमटी, वाटीत तूप. बघते तर हिचा चेहरा उतरलेला. अमरेश फोनवर होता. काय चाललंय ते मला तेव्हा अर्धंमुर्धंच कळलं, बाकीचं तिने मागाहून सांगितलं, ते आत्ताच सांगते म्हणजे तुमचा घोळ होणार नाही.

बंदरात एका बाहेरच्या कंत्राटदाराचा माणूस लांबून आत आला होता. त्याच्याच नावाने, त्याच्याच पासवर्डने. दुरुस्तीसाठी त्याला तशी परवानगी होती, त्यामुळे दार त्याला अडवत नव्हतं. वीज खोलीत एक कॉम्प्युटर आहे, ज्यावरून स्विचांची सेटिंग बदलतात. हा त्या कॉम्प्युटरवर आला आणि काठाला लागलेल्या जहाजाला वीज देणाऱ्या स्विचची सेटिंग बदलायला लागला. एक बदललं, थांबला. दुसरं बदललं, पुन्हा थांबला. दानेश्वरीला हे बरं वाटेना. दुरुस्तीवाला माणूस येतो, आपलं काम करतो, जातो. हा परक्याच्या स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून बघावा तसं करत होता.

अमरेशचं म्हणणं, सण आहे, काम कमी आहे, म्हणून कंत्राटदाराने दुरुस्ती काढली असेल. तेही खोटं नव्हतं, सुट्टीतच दुरुस्त्या निघतात. कंत्राटदाराचा फोन बंद. बंदराचे साहेब सणाच्या गडबडीत, फोन उचलेनात. बाहेरून आत यायचं ते दार दानेश्वरी इथून बंद करू शकत होती. पण खरंच दुरुस्ती चालू असेल आणि हिने मध्येच दार आपटलं, तर काम अर्धवट राहून जहाजाचीच वीज जाऊ शकत होती. थंड डबे, माणसं, सगळंच आलं. अमरेश म्हणाला, "खात्री असेल तर बंद कर. नसेल तर थांब. पण उगाच बंद केलंस ना, तर दिवाळीला मी तुझ्यासाठी काही बोलू शकणार नाही." हे वाक्य मात्र मला दारातून स्वच्छ ऐकू आलं.

खात्री कुठून आणायची? ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि बोटं चाललेली टकटक टकटक. मला दिसलं ते एवढंच, की ताट निवतंय आणि पूजा झालेल्या यंत्रावर हिची बोटं आहेत. कुंकवाचा डाग तिच्या अंगठ्याला लागलेला. झालं, माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "दानेश्वरी, हात काढ तिथनं. आज कोण हत्याराला हात लावतंय का? हितनं समुद्रापतूर कोण लावत नसंल, तू एकटीच हायस."

ती गर्रकन वळली. मला वाटलं आता हीही चिडणार. पण ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तिला हरवलेली किल्ली आणून दिली. म्हणाली, समुद्रापर्यंत कुणी लावत नसेल, खरंय अत्ती. आणि तिने मोबाईल उचलून थेट गुरुबसप्पाला फोन लावला. नियम गेला चुलीत.

ती त्याच्याशी कानडीत बोलत होती, ते मला सगळं कळत होतं. आधी नमस्कार-चमत्कार काही नाही, तिने एकदम विचारलं, अण्णा, आज कंत्राटदाराला काही काम दिलंय का? गुरुबसप्पा हसला. आज कोण काम देतो, तंगी? कर्नाटकात खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात आणि ती आमच्याहून मोठी. त्याने सांगितलं, की त्यांच्या खोलीत जुनी रीत आहे, आयुधपूजेला जे चालू आहे ते चालू, पण नवीन काही बदलायचं नाही. म्हणून सेटिंग बदलायच्या कॉम्प्युटरची सकाळीच पूजा केली, स्क्रीन बंद केली, वर पिवळं कापड घातलं, हार घातला. खोलीची किल्लीसुद्धा पूजेच्या ताटात ठेवलेली आहे.

"यारू मुट्टिल्ला, तंगी," तो म्हणाला. कुणी हात लावलेला नाही.

दानेश्वरी म्हणाली, अण्णा, कापड काढून बघा, तो कॉम्प्युटर आत्ता काम करतोय. आणि इथं म्हातारा अडला. पूजा झालेली आहे, उद्या उत्तरपूजेआधी कापड कसं काढू? तो काही मूर्ख माणूस नव्हता, पण आयुष्यभराचा हात तो, एकदम पुढं होईना. दानेश्वरी त्याला समजावू लागली, तिचा आवाज कापायला लागला. मग मात्र मी ताट खाली ठेवलं आणि फोन तिच्या हातातून ओढून घेतला. कानडीतच सांगितलं, "मी दानेश्वरीची सासू बोलते. घरात चोर शिरला तर देवाच्या पाटावरचं मुसळ उचलायचं असतं. काढा कापड. दोष लागला तर माझ्या माथी."

पलीकडे त्याची पावलं वाजली. मग किल्ली वाजली, दार वाजलं. मग गुरुबसप्पा नुसतं "शिवा, शिवा" म्हणाला. त्याने कापड काढून स्क्रीन लावली होती. खोलीत कुणी नाही, कीबोर्डवर झेंडू तसाच, आणि स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरतोय.

दानेश्वरीने फोन माझ्याकडून घेतला आणि तिचा आवाज एकदम सरळ झाला. इथून तिने दार बंद केलं, एक बटण, बाकी काही नाही. गुरुबसप्पाला म्हणाली, त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, क्रेन थांबवा, स्विचांपाशी माणसं उभी करा आणि वीज हाताने सांभाळा. पलीकडे त्याची आरडाओरड ऐकू आली, माणसं पळाली, कुणीतरी कुणाला शिवी दिली. तिकडे त्यांनी चोराने बदललेली सेटिंग होती तशी परत लावायला घेतली. आम्ही दोघी फोनला कान लावून बसलो. मी तिचा हात धरला होता का तिने माझा, ते आता सांगता येत नाही.

बऱ्याच वेळाने गुरुबसप्पा फोनवर आला. म्हणाला, सगळं जागेवर आहे. दानेश्वरीने विचारलं, जहाजाची वीज? तो म्हणाला, तंगी, त्यांना काही कळलेलंसुद्धा नाही. त्यांचा आचारी मासे तळतोय, वास इथपर्यंत येतोय. आम्ही लिंगायत माणसं, मासळीच्या बाजारावरून जायचं तर नाकाला पदर लावतो. पण त्या दिवशी त्या वासाचं ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग कुठं ताटाकडे लक्ष गेलं. तूप थिजलेली होळगी मी तिला घास घास करून भरवली आणि ती लहान पोरीसारखी खात बसली. संध्याकाळी मल्लेश आला आणि सवयीने त्याने विचारलं, काय झालं आज? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, काही नाही झालं. आणि मग जे हसायला लागलो ते थांबेचना. तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा.

पण हसून काय होतंय. हिने नियम मोडला होता. अमरेशला विचारल्याशिवाय बंदराला परस्पर फोन केला होता आणि वर सासूने कंपनीच्या कामात तोंड घातलं होतं, हे काय कमी होतं? अमरेशने तिचं कौतुक केलं, पण म्हणाला, हे मला वर सांगावंच लागेल. दसऱ्याला उत्तरपूजा केली, सोनं वाटलं, विळी हातात घेतली, सगळं नेहमीसारखं. बॅग मात्र दाराआड उभीच. त्या दिवसांत माझा अंगठा तिला ठेचला तरी मी तोंडातून शब्द काढला नाही.

दसऱ्याला गुरुबसप्पाचा फोन आला, दानेश्वरीच्या मोबाईलवर, पण त्याने मलाच बोलवायला सांगितलं. त्याने कॉम्प्युटरला पुन्हा हार घातला होता, नारळ फोडला होता, देवाला चूक पदरात घे म्हणाला होता. मी म्हटलं, चूक कसली? मुसळ उचललं म्हणून घर राहिलं. त्याने सांगितलं, कंत्राटदाराचा तो माणूस त्या वेळी आपल्या सासुरवाडीला जेवून झोपलेला होता. कुठल्यातरी खोट्या निरोपाला भुलून त्याने आपला पासवर्ड देऊन टाकला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. मग गुरुबसप्पा जरा घुटमळला. म्हणाला, आमच्या साहेबांनी तुमच्या कंपनीला एक गोष्ट सांगितलीय, पण ती मी सांगायची नाही. मी म्हटलं, मग सांगू नका. फोन ठेवला आणि दिवसभर जीव टांगणीला.

दिवाळी तोंडावर आली होती, ऑर्डरी भरपूर, मी उखळापाशी बसून कुटत होते. दानेश्वरी जिन्याखालून आली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. अमरेशचा फोन येऊन गेला होता. बंदराच्या साहेबांनी कंपनीला कळवलं होतं, की आमच्या विजेवर नजर ठेवायला माणूस असा पाहिजे, ज्याला आमच्याकडे कुठल्या दिवशी कुणी कशाला हात लावत नाही हे माहीत आहे. आणि ज्याचा फोन आमचा गुरुबसप्पा उचलतो. म्हणून आता हिने थेट फोन करायचा, नियमच तसा केला. तो माणूस पुण्यात बसला काय आणि सोलापुरात बसला काय, त्यांना फरक पडत नव्हता, मग कंपनीनेही दिवाळीची अट काढून टाकली.

हे सगळं तिने मला मागाहून सांगितलं. चौकटीत उभं राहून ती एवढंच म्हणाली, "अत्ती, इथंच."

मी बरं म्हटलं आणि कुटत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाचं म्हटलं असतं तर कुणीही मानलं असतं, उखळात मिरचीच होती. पण मी तसं म्हणणार नाही. मला आनंद झाला होता म्हणून आलं.

आता रुक्साना सकाळी ओट्यावरून विचारते, अक्का, बंदर बरं हाय का? मी म्हणते, बरं हाय, कालबी काय झालं नाही. आणि हे मी अशा तोऱ्यात सांगते की ती हात जोडते. गुरुबसप्पा सारखा बोलावतोय, या एकदा समुद्र बघायला. मी तर अजून बघितलेला नाही आणि गंमत म्हणजे दानेश्वरीनेही तो बंदराचा समुद्र नकाशातच बघितलाय. जाऊ एकदा, मल्लेशला दुकानातून वेळ मिळाला की. लॅपटॉपच्या झाकणावरचं कुंकू तिने अजून पुसलेलं नाही आणि मीही पुसायला सांगितलेलं नाही.

ती इथंच म्हणाली त्या दिवशी कुटून झाल्यावर मी पहिलं काम हे केलं. दाराआडची जांभळी बॅग ओढत बाहेर काढली, आतल्या साड्या काढून तिच्या कपाटात नीट घडी घालून ठेवल्या. मग बॅग कोठीत नेली. यार्डातून मल्लेशने नव्या शेंगा आणल्या होत्या, पोती ठेवायला जागा नव्हती. म्हणून त्या शेंगा मी त्या बॅगेत ओतल्या, काठोकाठ, चेन लागेना इतक्या. दानेश्वरी बघत होती. तिने खाली बसून बॅगेच्या झाकणावर दोन्ही हातांनी दाबलं आणि मी चेन ओढली.